टेस्टमध्ये चार मिनिटं वाचली, मग लाँचनंतर ती गेली कुठे?

पत्र:

ताई नमस्कार, मी सुदामा नगरचा. देवी अहिल्या विद्यापीठातून स्टॅट्समध्ये एमएससी केलं आणि आता एका फूड डिलिव्हरी कंपनीत ॲनालिस्ट आहे, इंदूरचं काम बघतो. आम्ही नवीन डिस्पॅच, म्हणजे रायडर वाटायची नवीन पद्धत, आणलं. आधी किचनमध्ये जेवण तयार व्हायला आलं की मग रायडर लावायचो, आता ऑर्डर पडल्या पडल्या रायडर लॉक करून टाकतो. टेस्ट केली, अर्ध्या कस्टमरना नवीन, अर्ध्यांना जुनं, सगळं रँडम. नवीनवाल्यांची डिलिव्हरी सरासरी चार मिनिटं लवकर आली, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) तर एकदम छोटी. मग पूर्ण शहरात चालू केलं आणि फरक शून्य. साहेब म्हणतात तुझा डेटाच चुकला. बेंगळुरूची सीनियर म्हणाली इथे स्विचबॅक करायला हवं होतं. मी वाचायला घेतलं पण दोन पानांनंतर काहीच कळत नाही. साहेबांना नवीन टेस्टचं उत्तर एका आठवड्यात हवंय. कॉजल इन्फरन्स, म्हणजे कशामुळे काय झालं ते डेटातून ओळखणं, शिकायला सुरुवात कुठून करू? की नोकरी सोडून परत शिकायला जाऊ? रात्री झोप लागत नाहीये ताई.
— एक वाचक, इंदूर

उत्तर:

अरे, पहिल्यांदा हे ऐक की तुझा डेटा चुकलेला नाही आणि तुझं गणितही चुकलेलं नाही. त्या टेस्टमध्ये चार मिनिटांचा फरक खरंच होता. फक्त तो फरक ज्या प्रश्नाचं उत्तर होता तो प्रश्न तुझ्या साहेबांनी विचारलेला नव्हता. हे नीट समजलं ना की अर्धं कॉजल इन्फरन्स तुला समजलं असं धरून चाल, म्हणून आधी यावरच बोलते, पेपर आणि फॉर्म्युले नंतर.

पलासियाचा चौक डोळ्यासमोर आण, रात्रीचे साडेआठ वाजलेत, आसपास समजा पाच रायडर मोकळे आहेत आणि दहा मिनिटांत आठ ऑर्डर पडल्या. तुझ्या टेस्टप्रमाणे चार ऑर्डर नवीन डिस्पॅचच्या, चार जुन्या. नवीनवाल्या चारांनी पडल्या पडल्या चार रायडर लॉक केले. जुन्या चार ऑर्डरचं जेवण वीस मिनिटांनी तयार होईल तेव्हा सिस्टिम रायडर शोधायला निघेल आणि तिथे उरलाय एक. मग बाकीच्या तिघांसाठी रायडर येणार गीता भवनकडून नाहीतर विजय नगरकडून, तोपर्यंत डबा काउंटरवर थंड होतोय. आता तू सरासरी काढलीस, नवीन 34 मिनिटं, जुनं 38 मिनिटं (आकडे समजण्यासाठी घेतलेत), फरक चार. पण टेस्टच्या आधी सगळ्यांनाच 36 लागत होती! म्हणजे नवीनवाल्यांनी दोन मिनिटं कमावली ती जुनीवाल्यांच्या खिशातून. शहराला काहीच मिळालं नाही, मिनिटं फक्त इकडून तिकडे गेली.

आणि लाँच केल्यावर काय झालं, आठही ऑर्डर रायडर लॉक करायला धावल्या, पाच मिळाले, ते पाचही जण जेवण तयार व्हायच्या आत रेस्टॉरंटच्या बाहेर गाडी लावून उभे, आणि उरलेल्या तीन ऑर्डरना कोणीच नाही. ज्याच्याकडून घ्यायचं तो कंट्रोल ग्रुपच (जुन्या पद्धतीवरचे कस्टमर) उरला नाही, मग फायदा दिसणार कुठून.

हे माझं अनुमान आहे हं, तुझा डेटा मी बघितलेला नाही, पण तू तपासू शकतोस. टेस्ट सुरू व्हायच्या आधीच्या दोन आठवड्यांत कंट्रोलवाल्या कस्टमरची डिलिव्हरीची वेळ काय होती आणि टेस्ट सुरू झाल्यावर काय झाली ते काढ. कंट्रोलला तर आपण हातही लावला नव्हता, तरी त्यांची वेळ टेस्टच्या पहिल्याच दिवसापासून बिघडलेली दिसली तर समज की हाच प्रकार आहे. (पाऊस किंवा सण मध्ये आला असेल तर ते वेगळं काढून बघ.) दुसरं, रायडर रेस्टॉरंटला पोचल्यापासून पार्सल उचलेपर्यंत किती वेळ उभा राहिला तो आकडा लॉगमध्ये असतोच, लाँचनंतर तो वाढलाय का बघ. उद्या ऑफिसला गेलास की आधी या दोन गोष्टी कर, साहेबांना द्यायला यापेक्षा चांगलं काही नाही.

आता याच्या मागचा विचार. 1923 साली संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी शेतातल्या प्रयोगांबद्दल लिहिताना एक कल्पना मांडली, की प्रत्येक वाफ्याची दोन संभाव्य उत्पन्नं असतात, हे बी पेरलं तर इतकं आणि ते पेरलं तर तितकं, आणि आपल्याला त्यातलं कायम एकच दिसतं. 1974 मध्ये रुबिन यांनी हीच कल्पना प्रयोगांच्या पलीकडे, नुसत्या निरीक्षणांच्या डेटालाही लावली, आणि 1986 मध्ये हॉलंड यांनी या अडचणीला कॉजल इन्फरन्सचा मूलभूत प्रॉब्लेम म्हटलं, की एकाच गोष्टीवर दोन्ही उपाय एकाच वेळी करून बघता येत नाहीत. मग आपण करतो काय, तर खूप वाफे घेतो, नाणं उडवून अर्ध्यांना हे आणि अर्ध्यांना ते, आणि सरासरींची तुलना. तुला हे एमएससीला शिकवलंच असेल. पण या सगळ्याखाली एक अट असते जी बहुतेक लोक घाईत वाचतात: एका वाफ्याला काय दिलं याचा शेजारच्या वाफ्यावर परिणाम होता कामा नये. रुबिन यांनी 1980 मध्ये या अटीला नाव दिलं, सूटव्हा, पेपरमध्ये हा शब्द (इंग्रजीत SUTVA) दिसला की घाबरू नको, मुख्य अर्थ हाच. तुझ्या टेस्टमध्ये नेमकी हीच अट मोडली. रायडर सगळ्यांचे एकच, त्यामुळे एका कस्टमरला दिलेला उपाय दुसऱ्याच्या डब्याला लागला.

शेतीवाल्यांना ही अडचण फार आधीपासून माहीत होती, कारण खत आणि पाणी बांधावर थांबत नाही, शेजारच्या वाफ्यात झिरपतं. म्हणून ते वाफ्याच्या कडेच्या ओळी पेरतात पण मोजत नाहीत, फक्त मधलं पीक मोजतात. आणि हे तुला आवर्जून सांगते कारण तू इंदूरचा आहेस: ही विद्या आपल्याकडे काही कंपन्यांच्या लॅपटॉपमधून आलेली नाही. 1924 मध्ये शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू केली, आज जिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे तीच जागा, कंपोस्टची इंदूर पद्धत जगभर गेली ती इथूनच. त्याच संस्थेत डॉ. व्ही. जी. पानसे कापसावर काम करायचे आणि 1930 च्या दशकात हचिन्सन यांच्यासोबत शेतातल्या प्रयोगांची मांडणी कशी करावी यावर पेपर लिहीत होते. पुढे पानसे आणि पी. व्ही. सुखात्मे या दोन मराठी माणसांनी मिळून 1954 मध्ये शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं जे देशभरातल्या कृषी महाविद्यालयांत वर्षानुवर्षं वापरलं गेलं. सुखात्मे तर लंडनला नेमन यांच्याच हाताखाली शिकलेले. म्हणजे बघ, नेमन यांचे वाफे आणि इंदूरचा कापूस यांच्यात एकाच माणसाचं अंतर आहे. तुला हे परकं वाटायचं काही कारण नाही.

तर मग स्विचबॅक म्हणजे काय. कस्टमर वाटून घ्यायचेच नाहीत. संपूर्ण शहराला (किंवा एका मोठ्या झोनला) एका वेळी एकच उपाय द्यायचा आणि तो वेळेनुसार बदलत राहायचा, या दोन तासांत सगळ्यांना नवीन, पुढच्या दोन तासांत सगळ्यांना जुनं, परत नाणं, परत जे येईल ते. जेव्हा नवीन चालू असतं तेव्हा सगळ्याच ऑर्डर रायडर लॉक करतात, म्हणजे लाँचनंतर जसं शहर असेल तसंच शहर त्या दोन तासांत तुला बघायला मिळतं. तुझ्या साहेबांना हवी असलेली तुलना हीच आहे, सगळं शहर नवीन विरुद्ध सगळं शहर जुनं.

हीही पद्धत गोठ्यातून आली आहे बरं का. दुभत्या गायींना कोणतं खाद्य चांगलं हे बघायला अमेरिकेत स्विचबॅक ट्रायल व्हायच्या, 1938 मध्ये आयोवात ब्रँट यांनी त्याच्या चाचण्यांचं गणित मांडलं, 1941 मध्ये कॉक्रन, ऑट्री आणि कॅनन यांनी गायींसाठीच पुढची डिझाईन दिली. अडचण अशी की व्यायल्यानंतर काही आठवड्यांनी गायीचं दूध हळूहळू कमी होत जातं. समजा पहिल्या काळात जुनं खाद्य, 12 लिटर. दुसऱ्यात नवीन खाद्य, 11.8 लिटर. इथे थांबलास तर म्हणशील नवीन खाद्याने दूध घटलं. पण तिसऱ्या काळात परत जुनं खाद्य दिलं तर 10 लिटर. आता जुन्याच्या दोन काळांची सरासरी 11, आणि त्यांच्या बरोबर मधल्या काळात नवीन खाद्यावर 11.8, म्हणजे नवीन खाद्याने 0.8 लिटर जास्तच दिलं, घटत होतं ते वयामुळे नाही आणि खाद्यामुळेही नाही, तर वेतातल्या दिवसांमुळे. परत मागे फिरण्यातली ताकद ही आहे. तुझे साहेब जे करतायत ना, लाँचच्या आधी आणि लाँचच्या नंतर, ते म्हणजे गायीला दुसऱ्या काळानंतर सोडून देणं. खरं तर फरक शून्य आहे हेसुद्धा आत्ता खात्रीने सांगता येत नाही, कारण लाँचनंतरच्या आठवड्यात शहरात दुसरंही काही बदललेलं असू शकतं.

डिलिव्हरी आणि टॅक्सीवाल्या कंपन्यांनी हे नंतर उचललं, अमेरिकेतल्या लिफ्ट या टॅक्सी कंपनीच्या लोकांनी 2016 मध्ये आणि डोअरडॅश या डिलिव्हरी कंपनीच्या लोकांनी 2018 मध्ये उघडपणे यावर लिहिलंय, अडचण तुझीच, ड्रायव्हर एकच आणि त्यांच्यावर हक्क सांगणारे दोन ग्रुप.

आता तुझ्या टेस्टची मांडणी, इथे जरा जास्त वेळ थांबते कारण चुका इथेच होतात.

सकाळी अकरा ते रात्री अकरा धर, बारा तास, दोन तासांची एक विंडो म्हणजे दिवसाला सहा विंडो. (सकाळचं पोहे-जलेबीचं आणि अकरानंतर सराफ्याचं, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीचं, गणित वेगळं आहे, ते पहिल्या टेस्टमध्ये बाहेर ठेव.) आता बरेच जण म्हणतील एकाआड एक कर, जुनं नवीन जुनं नवीन. दिवसाला सहा विंडो आहेत, सहा सम, म्हणजे दुसऱ्या दिवशी परत पहिली विंडो जुनीच येणार, म्हणजे सात ते नऊची रात्रीची गर्दी रोज एकाच उपायाच्या वाट्याला. झालं, परत घोटाळा, आता तू डिस्पॅच मोजत नाहीयेस, जेवणाची वेळ मोजतोयस. म्हणून नाणं हवंच. पण नुसतं नाणं उडवलं तर शनिवारच्या रात्री दोन्ही आठवड्यांत नवीनच लागलं असंही होऊ शकतं, म्हणून जोड्या कर: या आठवड्याची शनिवार सात ते नऊ आणि पुढच्या आठवड्याची शनिवार सात ते नऊ ही एक जोडी, नाणं एकदाच उडवायचं, या आठवड्यात जे आलं त्याचं उलट पुढच्या आठवड्यात. चौदा दिवसांच्या 84 विंडो, 42 जोड्या. प्रत्येक जोडीचा फरक काढ, 42 फरक, त्यांची सरासरी. विश्लेषणाचा गाभा एवढाच आहे रे, पेअर्ड टेस्ट तर तुला येतेच.

आणि म्हणूनच एका आठवड्यात उत्तर देता येणार नाही. प्रत्येक वाराच्या प्रत्येक वेळेला दोन्ही उपाय एकदा तरी मिळायला कमीत कमी दोन आठवडे लागतात. साहेबांना हे असंच सांग, की एका आठवड्यात आकडा मिळेल पण त्यात शनिवार रविवार आणि डिस्पॅच एकमेकांत मिसळलेले असतील, आणि मागच्या वेळेसारखंच परत लाँचनंतर मान खाली घालावी लागेल. मला वाटतं ऐकतील, एकदा हात पोळलेला माणूस या मुद्द्यावर ऐकतो.

पुढची गोष्ट कॅरिओव्हर, म्हणजे मागच्या विंडोचा परिणाम पुढच्या विंडोत रेंगाळणं. आठ वाजून पन्नास मिनिटांनी ऑर्डर पडली, त्या वेळी नवीन चालू, रायडर लॉक झाला, तो डबा घेऊन लोकमान्य नगरला पोचेपर्यंत सव्वानऊ साडेनऊ. तोपर्यंत नऊला विंडो बदलून जुनी झालेली आहे पण शहरातले रायडर अजून मागच्या विंडोच्या हिशोबाने अडकलेले. म्हणजे जुन्या उपायाची पहिली अर्धा-पाऊण तास मोजणी नवीनने खराब केलेली असते. गायींच्या ट्रायलमध्येही खाद्य बदललं की पहिले काही दिवस मोजत नाहीत, गायीच्या पोटाला नवीन खाद्याची सवय होईपर्यंत. तूही विंडोची पहिली 40 मिनिटं चालू ठेव पण मोजणीत धरू नको, याला बर्न-इन म्हणतात. दोन तासांतले ऐंशी मिनिटं उरतात, एक तृतीयांश डेटा गेला, जाऊ दे, खराब डेटा जास्त असण्यापेक्षा बरं. विंडोचा शेवटही सांभाळ, शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांच्या ऑर्डरना पुढच्या विंडोच्या ऑर्डरशी रायडरसाठी भांडावं लागतं, त्या ठेवून एकदा आणि काढून एकदा असं दोन्ही करून बघ. विंडो अर्ध्या तासाची केलीस तर नाणी जास्त मिळतात पण तुझ्याकडे डिलिव्हरीलाच पस्तीस-छत्तीस मिनिटं लागतात, मग सगळी विंडोच कॅरिओव्हर. अख्ख्या दिवसाची केलीस तर कॅरिओव्हरची चिंता जाते पण चौदा दिवसांत चौदाच विंडो. बोजिनोव्ह, सिम्ची-लेव्ही आणि झाओ यांचा मॅनेजमेंट सायन्समधला 2023 चा पेपर, तू बहुतेक त्यातच अडकलास, तो सगळा याच ओढाताणीवर आहे, परिणाम किती वेळ रेंगाळतो यावरून नाणं किती वेळाने उडवायचं. आता परत उघडलास तर पहिल्यासारखा अंधार वाटणार नाही.

लॉगिंगबद्दल दोन गोष्टी, या कोणी सांगत नाही. ऑर्डर कोणत्या विंडोची हे ती पडली त्या वेळेवरून ठरव, पोचली त्या वेळेवरून नाही. पोचल्याच्या वेळेवरून धरलंस तर उशीर झालेल्या ऑर्डर आपोआप पुढच्या विंडोत ढकलल्या जातात आणि ज्या उपायाने उशीर केला तोच साफ सुटतो. आणि फक्त पोचलेल्या ऑर्डरची सरासरी काढू नको, वैतागून कॅन्सल केलेल्या ऑर्डर सरासरीत येतच नाहीत, म्हणजे जो उपाय जास्त लोकांना वैतागवतो त्याची सरासरी उलट छान दिसू शकते. प्रत्येक विंडोला पडलेल्या, पोचलेल्या, कॅन्सल झालेल्या ऑर्डर सगळ्या मोज. आणि रायडरची तासाची कमाईसुद्धा एक कॉलम म्हणून ठेवच ठेव. काउंटरबाहेर पंधरा मिनिटं फुकट उभं राहणं हे कंपनीच्या डॅशबोर्डवर कुठेच दिसत नाही पण त्या पोराच्या घरी दिसतं, आणि चांगली टेस्ट म्हणजे ज्याच्यावर परिणाम होतो त्या सगळ्यांचं मोजणारी, मी तरी असंच मानते.

मग ती पी-व्हॅल्यू. मागच्या टेस्टमध्ये ती इतकी छोटी आली कारण प्रत्येक ऑर्डर तू एक स्वतंत्र साक्षीदार धरलीस. स्विचबॅकमध्ये तसं करता येत नाही. हजारो ऑर्डर असल्या तरी नाणं तू 42 वेळाच उडवलंस, एका विंडोतल्या सगळ्या ऑर्डरवर एकच पाऊस पडला, एकच ट्रॅफिक लागला. तेव्हा विश्लेषण विंडोच्या पातळीवर, ऑर्डरच्या नाही. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच असते, स्टँडर्ड एरर (सरासरी किती डळमळीत आहे त्याचं माप) ऑर्डरवर काढायची आणि मग सगळंच सिग्निफिकंट, म्हणजे योगायोगापलीकडचं, वाटतं. आणि शेजारच्या विंडोही पूर्ण स्वतंत्र नसतात, चारला पाऊस लागला तर सहालाही भिजलेलंच असतं, म्हणून मला तुझ्यासाठी संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचा मार्ग आवडतो जो त्यांनी 1935 मध्ये मांडला: जी नाणी तू उडवलीस तीच कॉम्प्युटरवर परत हजार वेळा उडव, तशाच जोड्या पाळून, दरवेळी त्या खोट्या वाटपाने फरक काढ, आणि बघ तुझा खरा फरक त्या हजारांत कुठे बसतो. पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. आणि यात तू कुठल्याही वितरणाची शपथ घेत नाहीस, फक्त स्वतःच्या नाण्याची घेतोस.

हीच गोष्ट टेस्टच्या आधीसुद्धा कर. जुन्या डिस्पॅचचे, म्हणजे पहिल्या टेस्टच्याही आधीचे, कुठलेही साधे दोन आठवडे घे, त्यात काहीच बदललेलं नव्हतं, तरी नाणी उडवून खोटं नवीन-जुनं लाव आणि फरक काढ, हजार वेळा. समजा ते खोटे फरक बहुतेक सगळे उणे दीड ते अधिक दीड मिनिटाच्या आत पडले, तर तुला आधीच कळलं की एक मिनिटाचा खरा फरक या दोन आठवड्यांच्या टेस्टला बहुतेक दिसणार नाही, मग एकतर चार आठवडे चालव नाहीतर शहराचे झोन पाड, विजय नगर वेगळं, भवरकुआँ वेगळं, राजवाडा वेगळं, प्रत्येक झोनला स्वतंत्र नाणं. पण झोन पाडताना रायडर झोन ओलांडून किती जातात ते आधी बघ. विजय नगरचा रायडर दर तिसऱ्या ऑर्डरला पलासियात येत असेल तर झोन वेगळे नावालाच, झिरपणं परत सुरू. साहेबांकडे जायच्या आधी हा खोट्या फरकांचा आलेख तुझ्या हातात असू दे.

शिकण्याचं म्हणशील तर नोकरी सोडू नको. हे शिकायला रोज शेकडो ऑर्डर, पाऊस, सण आणि हट्टी साहेब लागतात आणि ते सगळं तुझ्याकडे आहे, कॉलेजात नाही मिळणार. क्रम माझ्या मते असा ठेव: आधी नेमन-रुबिनवाली संभाव्य परिणामांची भाषा, ती इतकी घोट की कोणी काहीही म्हटलं, या ऑफरमुळे सेल वाढला वगैरे, की तुझ्या मनात लगेच यावं ऑफर नसती तर काय झालं असतं, आणि ते कोणात बघायला मिळेल. मग जुडिया पर्ल यांचे बाणांचे आलेख, ज्यांना 2011 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, कारण कशामुळे काय हे कागदावर काढल्याशिवाय कुठला घटक धरायचा आणि कुठला सोडायचा हे कळत नाही. आणि त्याच वेळी एक खोटं शहर बनव, खरंच, लॅपटॉपवर, वीस रायडर, तासाला साठ ऑर्डर, तुझे दोन्ही डिस्पॅच. त्या शहरात खरं उत्तर तुला माहीत असेल कारण ते तूच टाकलंयस. मग त्यावर तुझी जुनी कस्टमरवाली टेस्ट चालव आणि बघ ती चार मिनिटं कशी पैदा होतात. मग स्विचबॅक चालव, विंडो लहान मोठी कर, बर्न-इन काढून बघ. एका रविवारच्या दुपारी तू जे शिकशील ते दहा पेपरमधून कळत नाही, आणि नंतर पेपर वाचलास तर प्रत्येक ओळ कशाबद्दल आहे हे दिसायला लागेल.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेव, नाहीतर स्विचबॅक सगळ्यालाच लावत बसशील. जी गोष्ट लोकांच्या लक्षात राहते तिला हे चालत नाही. डिलिव्हरी चार्ज सहाला वीस रुपये आणि आठला चाळीस असं केलंस तर लोक वाट बघायला शिकतात, मेंबरशिप तर दोन तासांसाठी देताच येत नाही, आणि नव्या पद्धतीला कंटाळून रायडर महिन्याभराने काम सोडतात का हे तर दोन तासांच्या विंडोत कधीच दिसणार नाही. तिथे शहरंच्या शहरं वाटावी लागतात, इंदूरला नवीन आणि भोपाळ, उज्जैन, ग्वाल्हेरला जुनं, आणि मग इतर शहरांच्या मिश्रणातून इंदूर नवीन नसतं तर कसं असतं ते बांधावं लागतं. तो वेगळा विषय, लिहिलंस तर त्यावर वेगळं लिहीन. पण तुझ्या डिस्पॅचला, जे कस्टमरला दिसतही नाही, स्विचबॅक अगदी चपखल आहे.

सुरुवात सोमवारी कर म्हणजे दोन पूर्ण आठवडे सरळ मिळतात, आणि कॅलेंडर बघून. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) किंवा अनंत चतुर्दशीच्या झाक्यांची (देखाव्यांच्या मिरवणुकीची) रात्र त्या पंधरवड्यात येत असेल तर पुढे ढकल, कारण जोडीतली एक विंडो गेरमधली आणि दुसरी साध्या दिवसाची असं झालं तर ती जोडी कशाचीच तुलना करत नाही. मध्येच अचानक धो धो पाऊस आला तर मात्र टेस्ट थांबवू नको आणि त्या विंडो निकाल बघून काढूनही टाकू नको, काय काढायचं आणि काय ठेवायचं हे सोमवारच्या आधी एका कागदावर लिहून साहेबांना मेल करून ठेव, तारीख असलेला मेल. तपासणीचे ते दोन आकडे आले की मला कळव, कंट्रोल पहिल्या दिवसापासून बिघडला होता की नाही हे मलाही जाणून घ्यायचंय.